रेषेबाहेरचं लाल

आर्याच्या शाळेत उत्तर बरोबर आलं की बाई लाल पेनने गोल काढतात. उत्तर फारच चांगलं असेल तर गोलाभोवती पाकळ्या काढून त्याचं फूल करतात.

डोंगरातल्या एका जातीच्या गोचिडीला डोळे नसतात. ती गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसते आणि वाट बघते.

स्टेशनजवळच्या स्नानगृहाच्या दारावर पाटी आहे. प्यायलेल्यांना आणि अंगावर गोंदवलेल्यांना आत प्रवेश नाही.

विनय पुण्यात सोलर वॉटर हीटर विकतो.

मोठ्या भूकंपानंतर चित्राने दाराजवळ आणीबाणीची पिशवी भरून ठेवली. तिच्यात टॉर्च आहे, बिस्किटं आहेत आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ न देणारं चंदेरी पांघरूण आहे.

मुलांच्या वस्तूंवर नाव घालायचं जे पेन मिळतं त्याची शाई कापडावर, लाकडावर, प्लास्टिकवर टिकते. कातडीचं पाकिटावर काही लिहिलेलं नसतं.

नंदकिशोरच्या पाठीवर लाल गोल उठला तो ऑगस्टमध्ये, ऑफिसची डोंगरातली सहल होऊन गेल्यावर. नंदकिशोर पुण्याच्या कंपनीतर्फे नागोयाला गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर बघायला आलेला. सहल काढली होती तानिमुरा-सान यांनी. ते त्याचे काचो, म्हणजे सेक्शनचे साहेब. चढावर नंदकिशोर दमून गवताकडे वळला तेव्हा ते म्हणाले होते, "गवतात बसू नका." त्याला वाटलं, हा शिष्टाचाराचा भाग असावा. म्हणून साहेब पुढे जाईपर्यंत तो उभा राहिला आणि मग बसला.

डॉक्टरीणबाईंनी गोल पाहिला, लाइम डिसीज हे नाव एकदाच उच्चारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. "सगळ्या संपवायच्या. गोलाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाल काही रेघेबाहेर गेलं तर ताबडतोब या."

"गरम पाण्याने याचे जंतू मरतात का?" नंदकिशोरने विचारलं. सकाळीच मेहुण्याचा, विनयचा मेसेज आला होता.

"आंघोळ रोज करावी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर चित्राने नाव घालायचं काळं पेन घेतलं आणि गोलाभोवती रेघ ओढली. तिची संध्याकाळची पाळी असायची. स्टेशनवरच्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात तिने नुकतंच काम धरलं होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी पाठ बघायचं काम दुसरीतल्या आर्याकडे आलं. नंदकिशोर पालथा पडायचा, आर्या टॉर्च धरायची आणि त्या वेळात फोनवर विनय असायचा.

"भाऊजी, गोळ्या एका बाजूला आणि टेंपरेचर एका बाजूला," विनय सांगायचा. "जंतूला उष्णता सोसत नाही. परदेशात लोक सॉनात बसून बरे होतायत. मी वाचलंय."

"कुठे वाचलंस?"

"सगळीकडे."

चित्राचं म्हणणं वेगळं होतं. "आधी आईच्या सोलरला पाणी येतं का ते बघ म्हणावं त्याला. दोन वर्षं ती गॅसवर पाणी तापवतेय." आणि नवऱ्याला तिने बजावलं होतं, "रेघेच्या केसभर जरी बाहेर गेलं ना, तरी हॉस्पिटल. मग तुझ्या काचोची मीटिंग असो नाहीतर लग्न."

नंदकिशोरला घोर लागला होता तो इथेच. महिनाअखेर तानिमुरा-सान कोणाला आणखी दोन वर्षं नागोयात ठेवायचं ती नावं पुण्याला कळवणार होते. चित्राला नोकरी लागली होती. आर्याला मराठी पुस्तकातला उंट ओळखायला येत होता, वाचायला नाही. अशा वेळी साहेबांच्या सहलीत आपल्याला आजार झाला, असं सांगणं म्हणजे साहेबांना वाकून माफी मागायला लावणं, आणि आजारी माणसाचं नाव कोण कळवतं? म्हणून त्याने ऑफिसात गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीतून घेतल्या आणि हॉस्पिटलची रजा लागू नये अशी प्रार्थना केली.

गोळ्यांचा दुसरा आठवडा संपत आला होता. रविवारी आंघोळीनंतर त्याने वाफेने धूसर झालेल्या आरशात मान वळवून पाठ पाहिली. चष्मा नव्हता. काळी रेघ दिसली. तिच्या बाहेर लाल दिसलं.

त्याने फोनने फोटो काढले. पहिल्यात छताचा दिवा आला, दुसऱ्यात कोपर. तिसऱ्यात काळ्या रेघेचा तुकडा आला आणि त्यावरून बाहेर झेपावलेलं एक लाल वळण. त्याला हवा होता तेवढा पुरावा मिळाला.

"आर्या," त्याने हलक्या आवाजात हाक मारली, "पाठीवर रेघेच्या बाहेर लाल आहे?"

आर्याने पुस्तकातून मान वर केली. "आहे."

"किती ठिकाणी?"

"पाच."

नंदकिशोर पलंगावर बसला. "फार वाईट दिसतंय का गं?"

"नाही," आर्या म्हणाली. "छान दिसतंय."

लेकीच्या या समजूतदारपणाने त्याला भरून आलं. "मम्मीला सांगू नकोस हं."

"सरप्राइझ?" आर्याने विचारलं.

"हो. सरप्राइझ."

त्याच दिवशी उपचार सुरू झाला. चित्रा कामावर गेल्यावर त्याने टब भरला आणि भिंतीवरच्या पाणी तापवायच्या यंत्रावर आकडा जाईल तितका वर नेला. यंत्रातली बाई जपानीत म्हणाली, "पाणी अतिशय गरम आहे. कृपया काळजी घ्यावी." ती तीनदा म्हणाली. तिसऱ्या वेळी तिच्या नम्रपणात चित्राचा सूर आल्याचा त्याला भास झाला. मानेपर्यंत पाण्यात बसून तो बाहेर आला तेव्हा गुडघ्यापासून कानापर्यंत उकडलेल्या बिटासारखा झाला होता. त्याने आरशात पाहिलं. आता रेघेबाहेर सगळीकडेच लाल होतं.

"आजार बाहेर पडतोय," विनय फोनवर म्हणाला. "आता मधेच सोडू नका. ऊब धरून ठेवा."

ऊब धरून ठेवण्यासाठी सोमवारी ऑफिसातून आल्यावर आणीबाणीची पिशवी उघडली गेली. बाहेर नागोयाचा ऑगस्ट. संध्याकाळ झाली तरी रस्त्यावर कबुतरंसुद्धा सावली सोडत नव्हती. आत नंदकिशोर चंदेरी पांघरुणात गुंडाळून, फक्त नाक बाहेर ठेवून सोफ्यावर आडवा. आर्याने येऊन पाहिलं आणि जपानीत विचारलं, "पप्पा ओनिगिरी आहेत का?" कागदात गुंडाळलेल्या भाताच्या गोळ्याशी साम्य होतं हे त्याला नाकारता आलं नाही.

रात्री चित्रा आली. तिने वाळत घातलेलं पांघरूण दोन बोटांनी उचललं.

"भूकंप झाला का आज?"

"नाही."

"मग हे ओलं कसं?"

"पाहून ठेवलं. चालतंय का ते."

"आणि हे सोफ्यावर नवऱ्याच्या मापाचं ओलं आहे, तेही चालतंय का ते पाहून ठेवलंस?" चित्राने यंत्रावरचा आकडा खाली आणला, पिशवीची चेन लावली आणि पिशवी स्वतःच्या कपाटात ठेवली. "हे विनयचे उद्योग या घरात नकोत. गोळी घेतलीस?"

"घेतली."

"मग बस."

या घरात नकोत, असं ती म्हणाली होती. म्हणून मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तो स्टेशनजवळच्या स्नानगृहात गेला. तिथे सॉना होता.

जपानी स्नानगृहात कपडे काढून जायचं असतं हे त्याला माहीत होतं. पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीत पुसायचं फडकं घेऊन एक आजीबाई फिरत असतात हे माहीत नव्हतं. त्यांच्या छातीवर सुगिउरा अशी पट्टी होती. नंदकिशोरने हातरुमालाएवढ्या टॉवेलची जागा पटकन ठरवली आणि त्यांच्याकडे पाठ केली. चूक तिथेच झाली.

"अहो पाहुणे," सुगिउरा-सान म्हणाल्या, "हे असं आत चालत नाही."

"हे आजाराचं नाही," तो घाईने म्हणाला. "म्हणजे आजाराचं आहे, पण लागत नाही."

त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. घाबरल्यावर त्याला जपानी अक्षरं वाचता येत नसत. पण आजीबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी खिशातून कातडीच्या रंगाचे तळहाताएवढे चिकट कागद काढले, एक लावला, मागे सरून पाहिलं, दुसरा लावला. चौथ्याला काम झालं. "आता दिसत नाही. दिसलं नाही की नियम मोडत नाही."

नंदकिशोर गहिवरला. आजारी माणसाची लाज झाकायची इतकी सोय आपल्या पुण्यात कुठे आहे, असा विचार करत तो सॉनाच्या दाराशी गेला आणि दार उघडून आत शिरला. आत वरच्या पायरीवर, डोक्यावर घडी केलेला टॉवेल ठेवून तानिमुरा-सान बसले होते.

"ओ, नंदकिशोर-सान."

"साहेब."

नंदकिशोर खालच्या पायरीवर, त्यांच्या पुढ्यात बसला. आपली पाठ थेट साहेबांच्या डोळ्यांसमोर आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तानिमुरा-सान यांनी पाठीवरचे चार चौकोन पाहिले. मग ते थोडं बाजूला सरकले.

"आज जरा थंडच आहे," ते म्हणाले.

"हो," नंदकिशोर म्हणाला. नाकातून जाणारी हवा त्याला मिरचीसारखी झोंबत होती.

थोड्या वेळाने उठावं असं त्याला वाटलं. पण त्यांच्या सेक्शनमध्ये काचो उठल्याशिवाय कोणी उठत नसे. काम संपलं असो वा नसो, माणसं स्क्रीनकडे बघत बसत आणि तानिमुरा-सान यांची खुर्ची मागे सरकली की सगळ्यांचं काम एकदम संपे. नंदकिशोरने ही रीत अंगात मुरवली होती. महिनाअखेर जवळ आली असताना ती मोडायची कशी? तो बसून राहिला. बाकीचे लोक आले, घामाघूम झाले, गेले. वाळूचं घड्याळ कोणीतरी उलटं केलं. नंतर दुसऱ्या कोणीतरी केलं. तानिमुरा-सान हलेनात. एक चिकट कागद सुटून पायरीवर पडला. मग एकेक करत बाकीचे तिन्ही. नंदकिशोरला सॉनाचं दार हळूहळू दूर जाताना दिसलं. त्याला ते नवल वाटलं नाही. या देशात दारं आपणहून सरकतातच.

मागून धप्प असा आवाज आला. ते तानिमुरा-सान होते. वळून बघावं म्हणून नंदकिशोर उठला आणि त्यांच्या शेजारीच आडवा झाला.

सुगिउरा-सान यांनी गल्ल्यावरच्या माणसाला हाक मारली आणि दोघांना दोन बाकांवर निजवून वर पंखा लावला. नंदकिशोरला पालथा. बऱ्याच वेळाने तानिमुरा-सान यांचा आवाज आला.

"नंदकिशोर-सान, मी तुमच्या उठण्याची वाट बघत होतो. पाहुणा बसलेला असताना उठणं बरं दिसत नाही."

"मी तुमच्या, साहेब."

पंखा फिरत राहिला.

मग नंदकिशोरने सगळं सांगून टाकलं. गोचीड, गोल, गोळ्या, रेघ, रेघेबाहेर गेलेलं लाल. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आता नाव जाणार नाही, आणि चित्राला हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते जुळवायला तो लागलाही.

"सहल माझी होती," तानिमुरा-सान झोपल्या झोपल्याच मान वाकवून म्हणाले. "माफ करा. तुमचं नाव मी शुक्रवारी पाठवलं."

"साहेब, पण मी आजारी आहे हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं."

"गवतात बसलात हे माहीत होतं. मी मागे वळून पाहिलं होतं."

सुगिउरा-सान यांनी नंदकिशोरकडून नंबर घेऊन चित्राला फोन केला होता. ती दुकानाचा एप्रन घालूनच आली, आर्याला घेऊन. दोघे पुरुष बाहेरच्या खोलीत, कपडे घालून, कॉफी घातलेल्या दुधाच्या बाटल्या पीत बसले होते.

"सॉना," चित्रा म्हणाली.

"या घरात नको म्हणाली होतीस."

"पाठ दाखव."

"चित्रा, साहेब आहेत."

"साहेबांनी आत्तापर्यंत सगळंच पाहिलंय." तिने त्याला फिरवलं आणि शर्ट वर केला. तानिमुरा-सान पुढे वाकले. सुगिउरा-सान फडकं थांबवून म्हणाल्या, "मी म्हटलं, फूल गोंदवलंय. फार सुंदर नाही, पण नियम तो नियम."

"रेघेबाहेर गेलंय ना?" नंदकिशोर भिंतीकडे बघत म्हणाला. "पाच ठिकाणी. मला माहीत आहे. तू घाबरू नकोस."

"रेघेच्या आत काहीच नाही," चित्रा म्हणाली. "गोल गेलाय. नुसती कातडी आहे. आणि बाहेर पाकळ्या आहेत. नाव घालायच्या लाल पेनाच्या. आर्या?"

"हानामारू," आर्या म्हणाली. मग साहेबांना कळावं म्हणून जपानीत आणि आईला कळावं म्हणून मराठीत तिने समजावलं. "आतलं सगळं पुसलं गेलं ना, म्हणून. बाई देतात तसं. मी पप्पांना सांगितलं होतं. पप्पा विनयमामाशी बोलत होते. ते म्हणाले, हं."

तानिमुरा-सान यांनी दुधाची बाटली खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. चार. ऑफिसात कोणाला बक्षीस मिळालं तर ते एवढ्याच वाजवत.

घरी पोचतात तोच विनयचा फोन आला. चित्राने तो स्पीकरवर टाकला.

"गोल गेला? संपूर्ण?" विनय म्हणाला. "बघा भाऊजी. टब, पांघरूण, सॉना. तीन दिवसांत. डॉक्टरांना म्हणावं, शिका."

नंदकिशोरने चित्राकडे पाहिलं. चित्राने त्याच्या हातावर गोळी ठेवली आणि पाण्याचा ग्लास दिला. पाणी गार होतं. त्याने गोळी गिळली.

"विनय," चित्रा म्हणाली, "आईच्या सोलरचं काय झालं?"

फोनवर रेंज गेली.

आर्याने पाकळ्या काढल्या तो शनिवार होता. गरम पाणी रविवारी सुरू झालं.