तनुजाच्या शर्यतीचं चूलबंद आवतण

आमच्या थोरल्या नातीला, आरतीला, जुळं झालं त्या सालची ही गोष्ट. त्या साली घरात पाळणे दोन आले आणि टीव्हीत शर्यत एकदाही सरळ आली नाही. आज मला कोणी विचारावं, ‘दगडोबा, परदेशातल्या मोटारींची शर्यत घरबसल्या कशी बघायची?’ मी त्याला बसवून, चहा पाजून सगळे रस्ते सांगीन. केबलचा रस्ता, छत्रीचा रस्ता, मोबाईलचा रस्ता, फुकटचा रस्ता. एवढे रस्ते तुडवलेला माणूस उदगीर तालुक्यात दुसरा नसेल! फक्त शर्यत तेवढी मी पाहिलेली नाही.

आता म्हाताऱ्याला हे खूळ कुठून लागलं म्हणाल, तर धाकट्या नातीपासून. आमची तनुजा नांदेडला इंजिनियरिंग शिकली, तिथून परदेशात गेली आणि शर्यतीच्या एका गाडीच्या टोळीत कामाला लागली. पळती गाडी मधेच येऊन थांबते, पापणी लवेपर्यंत चारही चाकं बदलतात आणि गाडी सुटते. त्यातलं मागचं डावं चाक काढून घ्यायचं, हे काम तनुजाचं. मी पारावर ही गोष्ट सांगितली तर लोक म्हणाले, म्हणजे पंक्चरवाली. मी म्हणालो, पंक्चरवाली नाही, इंजिनियर. ते म्हणाले, तेच ते.

तनुजाला लहानाची मोठी केली ती केवळावैनीनं. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, पोटी काही नाही. माझा मुलगा बालाजी नांदेडला एका खोलीत संसार करायचा, म्हणून त्याची ही पोर वैनीच्याच पदराखाली वाढली. त्या साली दिवाळीच्या सुमाराला बातमी आली की चाक निसटून तनुजाच्या पिंडरीला लागलं. मुका मार होता, चार दिवसांत पोर चालायला लागली. पण वैनीचं निदान पक्कं झालं होतं. पोरीला दृष्ट लागली! कोणाची, ते तिनं तोंडानं सांगितलं नाही. नुसतं रामलिंगच्या घराकडं पाहिलं.

रामलिंग माझा चुलत भाऊ. गावात सगळ्यात मोठा टीव्ही त्याचा.

आता दृष्ट काढायची तर माणूस समोर पाहिजे, आणि पोर समुद्रापलीकडं. वैनीनंच तोड काढली. टीव्हीत तनुजा दिसली की टीव्हीवरूनच मीठ-मिरच्या ओवाळायच्या. बालाजी म्हणाला, मोठीआई, शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी मोबाईलवर निवांत बघता येते, पाहिजे तेवढ्या वेळा.

वैनी म्हणाली, “शिळ्या पोरीची दिष्ट निघत न्हाई, बालाजी.”

शिवाय मोबाईल तिच्या कामाचाच नव्हता. नांदेडला डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी तिला म्हशीएवढं असेल तेच नीट दिसायचं. त्या वर्षातली एकच शर्यत शिल्लक होती, अरबांच्या मुलखात, आपल्याकडच्या दिवेलागणीला. ती हुकली की मग थेट होळीच्या आगेमागे. मी म्हणालो, होळीला काढू. वैनी म्हणाली, होळी कोणी पाहिली. मग मी छातीवर हात मारून सांगितलं, “वैनी, तुम्ही मिरच्या तयार ठेवा. पोरगी टीव्हीत आणायचं माझ्याकडं लागलं.”

ही छाती पुढं लक्षात ठेवा.

पहिला रस्ता छत्रीचा, म्हणजे घरावरच्या डिशचा. खेळांची सगळी चॅनलं चालू करून घेतली. एका रविवारी एका चॅनलवर शर्यत लागली, मी हाका मारून वैनीला आणलं. ती बसली, कोणीतरी हेल्मेटवाला दिसला, तिनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्यासुद्धा. मग माझ्या लक्षात आलं की पळणाऱ्या मोटारसायकली आहेत! तो हेल्मेटवाला त्या दिवशी पहिला आला. कोण कुठल्या आईचं लेकरू, त्याची दृष्ट आमच्या चुलीत उतरली. मग कळलं की मोटारींची शर्यत चॅनलवर येतच नाही, ती आता कुठल्याशा अ‍ॅपवर गेली आहे.

दुसरा रस्ता फुकटचा. रामलिंगच्या पुतण्यानं एक साईट लावून दिली. शर्यतीच्या आधी त्यात कमी कपड्यांतल्या बाया आल्या. वैनीनं पदर पुढं ओढला आणि विचारलं, ह्या कोणाच्या लेकी, ह्यांना थंडी वाजत न्हाई का? मग टीव्हीत एक चाक गोल फिरत राहिलं. वैनी बराच वेळ त्या चाकाकडंच बघत होती. तिला वाटलं हेच तनुजाचं चाक.

शेवटी उदगीरला वीरण्णाच्या मोबाईल दुकानात गेलो. वीरण्णा सरळ माणूस. त्यानं अ‍ॅप घेऊन दिलं, माझ्या मोबाईलवर लावून दाखवलं, घरच्या टीव्हीत कसं लावायचं ते बालाजीला फोनवर समजावलं आणि मला बजावलं, “काका, हे स्वस्तातलं हाय. एका घरापुरतं. एका वेळी एकाच ठिकाणी दिसतंय बरं का.”

मी जोरात मान हलवली. पन्नाशीनंतर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या माणसाची ही खोड असते. कळलं नाही की मान जास्त जोरात हलते.

घरी येऊन मी आवतण द्यायला निघालो. साधं नाही, चूलबंद आवतण! म्हणजे घरातल्या लेकराबाळांसकट सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. आमच्या नागाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला. सगळ्या भावकीच्या भाकरी तिलाच थापायच्या होत्या. पण घराघरांतून एकच उत्तर. येतो की, पण तो धारा काढायचा वक्त, उशीर होईल. त्यापेक्षा नंबर सांग, घरी लावतो, मग जेवायला येतो. आता भावकीत एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं, तर दुसरा पुढच्या लग्नात पंगतीतून उठतो. आणि माझाही हिशेब बरोबरच होता. वीरण्णा म्हणतो एका घरापुरतं. आम्हा सगळ्यांना सुतक एक, सोयर एक, म्हणजे घर एकच की! दिला सगळ्यांना पासवर्ड. तोही सोपा, बैलाचं नाव आणि शेताचा गट नंबर. त्या गटासाठी भावकी एकमेकांविरुद्ध कोर्टात इतकी वर्षं भांडली आहे की नंबर लेकरांनाही तोंडपाठ.

एकटा रामलिंग अडून बसला. त्याचं म्हणणं, टीव्ही माझा मोठा, तर शर्यत माझ्याकडं लावा. मी म्हणालो, नात माझी, तर टीव्ही माझा. तो म्हणाला, मग मी येत न्हाई.

शर्यतीच्या दिवशी दुपारी मी शेतात होतो. जीव राहवेना. मोबाईल काढून लावून बघितलं, तर खरंच दिसत होतं! गाड्या उभ्या, माणसं इकडून तिकडं पळतायत. आवाजानं बैल बुजायला लागले म्हणून आवाज बारीक केला, मोबाईल बंडीच्या खिशात टाकला आणि खुशीत घरी आलो.

घर गच्च भरलेलं. पोरंसोरं खिडकीत. वैनी नवं लुगडं नेसून टीव्हीसमोर पाटावर बसली होती, हातात मिरच्यांची परात, बाजूला पेटती शेगडी. बालाजीनं टीव्ही लावला. काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. बालाजीनं वाचून सांगितलं की दुसरीकडं कुठंतरी चालू आहे, तिथलं बंद होईपर्यंत इथं लागणार नाही.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वैनीनं मात्र टीव्हीकडंच पाहिलं. म्हणाली, “भावजी, पोर कवा यायची?”

मी चपला घातल्या आणि पळालो! पहिल्या घरी म्हातारा-म्हातारी पांघरूण घेऊन आरामात टीव्हीसमोर. मी म्हणालो, बंद करा. म्हातारा म्हणाला, नंबर तूच दिला, आता तूच उठवतो? हे आवतण म्हणायचं का वसुली? बंद केलं, पण तोंड फिरवून. पुढच्या घरी बाई म्हणाली, आमच्यात काळंच दिसून राहिलंय, तरी आम्ही बसलोय तुमच्या मानासाठी. असंच घरोघर. ज्यांना आदल्या दिवशी हात जोडून बोलावलं त्यांना हात जोडून टीव्ही बंद करायला लावत मी फिरलो. प्रत्येक घराबाहेर आलो की बालाजीला हाक मारायची, लागलं का? आणि तिकडून तेच उत्तर, न्हाई, आबा. शर्यत सुरू होऊन गेली होती.

राहिला एकच. मी रामलिंगच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो अंधारात बाजेवर एकटाच बसला होता.

“बंद कर,” मी म्हणालो.

“काय बंद करू? लावलंच न्हाई.”

मी आत गेलो आणि त्याच्या टीव्हीच्या पाठीला हात लावून बघितला, तापलाय का. गार होता, दगडासारखा. तरी माझं समाधान होईना. मी म्हणालो, मग मोबाईलवर बघतोस. वैनीचा जीव टांगणीला लागलाय आणि तू सूड काढतोस. रामलिंग उठला. बाराबंदीचे खिसे उलटे करून दाखवले. तंबाखूची पिशवी, चुन्याची डबी, एसटीचं एक जुनं तिकीट. म्हणाला की त्याचा मोबाईल पुतण्या घेऊन गेलाय, माझ्याच घरी, शर्यत बघायला.

मी जायला वळलो. तो खिसे आत घालत होता. टीव्ही बंद झाले तशी सगळी भावकी माझ्या घरी गेली होती, त्यामुळं गल्ली एवढी शांत होती की गोठ्यातलं रवंथ ऐकू येत होतं. रामलिंगनं कान टवकारले. माझ्याजवळ आला, वाकला.

“दादा,” तो म्हणाला, “तुझ्या छातीत कोण बोलून राहिलंय?”

मी छातीवर हात ठेवला. खिसा तापलेला, भाजलेल्या कणसासारखा! आत कोणीतरी बारीक आवाजात इंग्रजी बडबडत होतं. मोबाईल बाहेर काढला तर अख्खी शर्यत त्यात पळत होती. दुपारपासून! सगळ्या भावकीचे टीव्ही मी बंद करत फिरलो आणि शर्यत माझ्याच बंडीत बसून माझ्याबरोबर घरोघर हिंडली!

मी घाईनं दाबलं तर आवाजच मोठा झाला. रामलिंगनंच बंद केलं. त्याच क्षणी माझ्या घरातून एवढी मोठी आरोळी उठली की झाडावरची वटवाघळं उडाली. आम्ही दोघं म्हातारे धोतर सावरत पळालो. रामलिंग मधेच थांबून दम खात होता, मी त्याला ओढत होतो.

पोचलो तेव्हा झालं होतं! टीव्हीत कसलीशी जाहिरात चालू होती.

मग मला सगळ्यांनी एकदमच सांगितलं. टीव्ही लागला तोच तनुजाच्या टोळीची गाडी चाकं बदलायला आत येत होती. पण टोळीतले सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, तोंडावर हेल्मेट. त्यात आपली पोर कोणती, बापालाही ओळखू येईना. वैनी मूठ वळून बसलेली, ओवाळावं कोणावर? गाडी थांबली. चाकं निघाली. गाडी सुटायच्या घाईत मागच्या बाजूच्या एकाचा पाय काढलेल्या चाकाला लागला. आणि तो हेल्मेटवाला त्या धांदलीत खाली वाकला, चाकाला हात लावला आणि तो हात हेल्मेटला लावून नमस्कार केला!

अरबांच्या मुलखात पाय लागला म्हणून चाकाच्या पाया पडणारं दुसरं कोण असणार? झाडूला, सुपाला, पाटी-दप्तराला पाय लागला की पाया पडायचं, हे वैनीनंच तर तिला शिकवलेलं. सगळं घर ओरडलं, तनुजा! आणि वैनीनं टीव्हीवरून मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या.

मिरच्या जळाल्या, पण एकालाही ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट लागलेलीच होती, आणि ती भारी होती. ती कोणाची, म्हणून वैनी एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. तेवढ्यात पळून आलेला रामलिंग उंबऱ्यात टेकला आणि असा खोकायला लागला की थांबेना.

वैनी म्हणाली, “ह्याला ठसका लागला. ह्याची न्हाई. ह्याला पाणी द्या.”

त्या दिवशी रामलिंग माझ्या ताटाशेजारी बसून जेवला.

मागाहून तनुजाचा फोन आला. पाय बरा होता. पण त्या नमस्काराच्या पायी नवं चाक बसायला किंचित उशीर झाला आणि साहेबानं तिला सगळ्यांसमोर झापलं, मधेच व्यायाम कसला करतेस म्हणून. गाडी कितवी आली, मी विचारलं. म्हणाली, आबा, खालून मोजा, लवकर सापडंल. वैनीनं मात्र फोन हातात घेऊन तिला सांगितलं, पाया पडलीस ते लई बरं केलंस. साहेबाचं काय, साहेब बदलतात.

बालाजी अजून म्हणतो, आबा, ती शर्यत मोबाईलमध्ये आहे, दाखवू का? मी नको म्हणतो. वैनीनं मला ती इतक्या वेळा सांगितली की पाठ झाली आहे, आणि तिच्या सांगण्यात आपली गाडी पहिली येते. होळीला ताजी शर्यत लागेल ती तिच्या शेजारी पाटावर बसून बघायची, मोबाईल नागाबाईकडं देऊन, असं आमचं ठरलं होतं.

केवळावैनी त्याच थंडीत, येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी वारली. सुतक फिटेपर्यंत भावकीतल्या एकाही घरात टीव्ही लागला नाही.