शोकेसमधले सहा कप

वापरल्यानं भांडं झिजतं आणि न वापरल्यानं घराण्याची इभ्रत वाढते, हे ज्यांना कळलं तीच घराणी टिकली. सुदामा नगरचे जयसिंगराव अशाच घराण्यातले. पणजोबा दरबारात कारभारी होते. जयसिंगरावांकडे आता एका शोकेसचा कारभार उरला होता. (किल्ली करदोट्याला.)

त्या शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप होते. पत्नी सुनीताबाईंना लग्नात त्यांच्या आईनं दिलेले. एकतीस वर्षांची आकडेवारी अशी: पुसले १,६१२ रविवारी (सुनीताबाईंनी, जयसिंगराव देखरेखीला), चहा प्यायला शून्य वेळा. नियमानुसार कप फक्त योग्य पाहुण्यासाठीच निघणार होते. जावई बोलताना हातवारे करतो, म्हणून अपात्र. हातोदचे व्याही बशीत ओतून फुर्र करतात. पलासियाचे एक डॉक्टर जवळजवळ पात्र ठरले होते, पण त्यांनी ऐनवेळी चहाऐवजी पाणी मागितलं.

गेल्या रविवारी पुसणं चालू असतानाच पुतणी अनुश्री आली. ती पुरातत्त्व शिकते. तिनं मोबाइलवर चीनमधली तेराशे वर्षांपूर्वीची मातीची भांडी दाखवली. हिरवी, पिवळी, पांढरी झिलई. सोबत घोडे आणि उंटही.

"काका, हे सगळं खास कबरीत पुरायला बनवायचे. जिवंत माणसानं यातून एक घोटसुद्धा घ्यायचा नाही. झिलईत शिसं आहे."

"इतकी बढिया चीज आणि मुर्द्यांसाठी?" जयसिंगराव पोट धरून हसले. "क्या लोग थे भिया!"

सुनीताबाई हसल्या नाहीत. हातातल्या कपाकडे बघत त्या म्हणाल्या, "अहो, आज मी यात चहा घेऊ? आईचा कप आहे. एकदाच."

"आज काय आहे?"

"मी आहे ना."

जयसिंगरावांनी प्रस्ताव नियमात बसवून पाहिला. घरचं माणूस पाहुण्याच्या व्याख्येत येत नव्हतं.

"मग माझ्या तेराव्याला तरी काढाल?"

याचाही त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तेराव्याला नको. गर्दीत फुटतात. डिस्पोजेबल मागवू."

सुनीताबाईंनी कप पुसून जागेवर ठेवला आणि पुढचा घेतला. चिनी माणसाला मेल्यावर तरी त्याची भांडी मिळत होती.

वाचकांनी खुशाल हसावं. फक्त हसताना हातातला टवका उडालेला कप सांभाळा. चांगले कुठे ठेवलेत, ते तुम्हाला ठाऊक आहेच.