गोलकीपरच्या गुडघ्याची गुप्त तपासणी

"हे बघा, मी घाई करणारा माणूस नाही! डोरीनला लग्नाचं विचारायला मी सात वर्षं घेतली!" ऑरेस्ट बलानियुकने कॉफीचा मग असा आपटला की शेजारच्या ताटलीतलं अंडं दचकलं.

"आणि मी हो म्हणायला एक मिनिट," गल्ल्यापाशी उभी असलेली डोरीन म्हणाली. "त्या एका मिनिटाचं तीस वर्षं भोगतेय!"

पेलिकन क्रीक गावच्या कॅफेतल्या त्या टेबलावर आम्ही सात म्हातारे सकाळी नऊला बसतो आणि दहाच्या आत सगळ्या कॅनडाचे प्रश्न सोडवतो. त्या गुरुवारी प्रश्न एकच होता. बर्फावरच्या हॉकीचा आमचा संघ बॅजर्स, आणि अठरा वर्षं त्याचा जनरल मॅनेजर ऑरेस्ट. शनिवारची मॅच जिंकली तर बाद फेरीत जागा. हरलो तर ऑरेस्ट राजीनामा देणार. तसा शब्दच त्याने याच टेबलावर देऊन ठेवला होता. आमचा गोलकीपर म्हणजे गुरांच्या कुंपणाचं उघडं राहिलेलं फाटक! पण ज्यांच्याशी मॅच होती त्या शेजारगावचा मॅनेजर एल्मर फ्रीसेन आपला जुनाजाणता गोलकीपर क्लॉड थिबोडो द्यायला तयार होता. त्याचा संघ बाद फेरीत कधीच पोचलेला, बदल्यात त्याला आमचा एक तरणा खेळाडू हवा होता. कागद तयार होता. लीगकडे तो पाचच्या आत पोचायला हवा होता. ऑरेस्टची सही तेवढी बाकी.

"मग कर की सही, मॅनेजरसाहेब!" आमच्यातला वॉल्टर म्हणाला.

"एकोणचाळीस वर्षांचा आहे तो. गुडघ्यांचं काय?"

गुडघे म्हणताच आम्ही सगळ्यांनी एकदम आपापला गुडघा धरला आणि सुरात कण्हलो, "आई गं!"

ऑरेस्टचे कान लाल झाले. अकरा वर्षांपूर्वी त्याने असाच एक अनुभवी गोलकीपर आणला होता. पहिल्याच मॅचला राष्ट्रगीत संपायच्या आत त्याचा गुडघा गेला! बिचारा नुसता उभा होता हो! तेव्हापासून ऑरेस्ट दिसला की गाव गुडघा धरतं.

"या वेळी नाही," ऑरेस्ट उठत म्हणाला. "या वेळी मी आधी तपासणार. आणि त्याला पत्ताही लागू देणार नाही!"

थिबोडो दुपारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जातो, हे सगळ्यांना ठाऊक. ऑरेस्टने बर्फात मिसळून जायला डोरीनची पांढरी चादर पांघरली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि पोटावर सरपटू लागला. चादरीवर गुलाब होते, हे तो विसरला. बर्फावरून गुलाबाचा ताटवा सरकत निघाला!

थिबोडो माशांसाठी बर्फात पाडलेल्या भोकाशी गुडघे टेकून बसला होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली, तरी उठेना.

'गेले! गुडघे धरले याचे!' ऑरेस्टला हर्ष झाला. आपली शंका खरी ठरल्याचा आनंद काही वेगळाच! नीट बघायला तो ताडकन उठला, दोन पावलं टाकली, आणि कुणीतरी पाडून ठेवलेल्या जुन्या भोकात त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत गेला.

त्याची किंकाळी ऐकून तळ्यातले मासे पार अल्बर्टा प्रांतात पळाले असावेत.

"ऑरेस्टभाऊ?" थिबोडो धावत आला. "हे काय, फेब्रुवारीत गुलाब?"

उत्तराची वाट न बघता तो सरळ खाली बसला, दोनशे चाळीस पौंडांचा ऑरेस्ट पाठीवर घेतला आणि उठून चालू लागला. अर्धा मैल! पण पाठीवरच्या ऑरेस्टचे कान टवकारलेले. पावलागणिक आवाज येत होता: कट्! कट्! कट्!

"क्लॉड, हा आवाज कसला रे?"

"मला या कानटोपीत काही ऐकू येत नाही. गुलाब सांभाळा, लोळतायत!"

दवाखान्यात डोरीन कागद आणि पेन घेऊन हजर. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. "सही कर. फोटो काढून फोनवरून पाठवते. बैलासारखा वाहून आणलाय त्याने तुला!"

"बैल आतून वाजतोय! मी माझ्या कानांनी ऐकलं. आधी डॉक्टरांना विचारू दे."

डॉक्टरीणबाई पाच वाजून दहा मिनिटांनी एक्स-रे घेऊन आल्या. त्यांनी ऑरेस्टचा पाय उचलून जरा वाकवला.

कट्!

"तुमचीच वाटी सरकलीये," त्या म्हणाल्या.

शनिवारी थिबोडो आमच्याविरुद्ध, त्यांच्याच गोलच्या जाळ्यापुढे उभा राहिला. एक्केचाळीस फटके अडवले. आम्ही शून्य, ते तीन. साखळी सामने संपले की दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. रांगेच्या टोकाला ऑरेस्ट कुबड्यांवर. थिबोडो त्याच्यासमोर आला, एवढ्या जाडजूड पॅडसकट पार उकिडवा बसला, त्याच्या प्लास्टरला कान लावला आणि गुडघ्याचा जराही आवाज न करता उठला.

"आता वाजत नाही हं," तो म्हणाला. आमच्या बाकांवरची चारशे माणसं गुडघा धरून कण्हली!

घरी जाताना डोरीन गाडी चालवत होती. ऑरेस्ट म्हणाला, "राजीनाम्याचं म्हणतोय... शांतपणे विचार करून..."

"तो मी मघाशीच देऊन आले. तुझ्यावर सोडलं असतं तर आणखी सात वर्षं!"

"अगं, पण माझी सही?"

"मी केली. बँकेपासून गाडीच्या विम्यापर्यंत तीस वर्षं कोण करतंय?"

ऑरेस्ट तिच्याकडे वळला. "मग गुरुवारी त्या कागदावर का नाही केलीस?"

"करणारच होते," डोरीन गिअर बदलत म्हणाली. "पण म्हटलं, उगाच घाई कशाला?"