सायबेरियाचा पाहुणा आणि सुखमती

पक्षी ओळखण्यात आमच्या ऑफिसात माझा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीचे कोणी त्या भानगडीत पडतच नव्हते, हा भाग वेगळा. माझ्याकडे पक्ष्यांचं एक रंगीत पुस्तक होतं आणि नव्या रायपुरातल्या आमच्या ऑफिसमागे एक तळं होतं. चौबे कॉलनीतून पहिल्या बसने निघायचं, ऑफिस उघडण्याआधी तासभर काठावर बसायचं आणि थंडीत कोणकोण पाहुणे आले ते वहीत लिहायचं, एवढाच माझा शौक.

ते वर्ष भिकार गेलं. जानेवारी उजाडला तरी आभाळ मळकटच. तळ्यावर चार टिबुकल्या आणि कुणाशी भांडून आल्यासारखा एक बगळा. त्यात माझी नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये मुदत संपणारी. चंद्राकर साहेबांनी महिन्याभरात दोनदा विचारलं होतं, "निरंजनजी, आप एक्झॅक्टली करते क्या हैं?"

अशात एका मंगळवारी धुक्यात तो दिसला. राखाडी अंग, नारिंगी चोच, भली मोठी मान. मी थंड हातांनी पुस्तक उघडलं. कलहंस. सायबेरियाकडून हिमालय ओलांडून येणारा. मी फोटो काढला आणि साहेबांना पाठवला.

दुपारपर्यंत तो फोटो मोठ्या साहेबांच्या फोनवर होता. संध्याकाळी चंद्राकर साहेबांनी पहिल्यांदा मला बसायला खुर्ची दिली.

"आपका रिन्यूअल तो समझो हो गया," ते म्हणाले.

आठवड्यात तळ्याभोवती दोरी लागली. 'सायबेरिया के मेहमान का स्वागत' असा फ्लेक्स लागला. नत्थू नावाचा गार्ड काठी घेऊन बसला. शाळेच्या बसेस येऊ लागल्या आणि माहिती सांगायला मी. पाच हजार किलोमीटर, न थांबता, वगैरे. पोरं हंसाकडे पाहायची, हंस पोरांच्या डब्यांकडे पाहायचा.

त्याच गर्दीत एक म्हातारी रोज दिसू लागली. हिरवं लुगडं, खांद्यावर फाटकी शाल. दोरीपाशी उकिडवी बसायची आणि हलकेच म्हणायची, "आ, आ, आ." हंस लगबगीने काठाकडे यायचा. नत्थू काठी आपटून त्याला परत पाण्यात घालायचा.

एका शाळेच्या बाईंनी मला विचारलं, "ये पक्षी इनके पास क्यों आता है?"

"बाहेरचे पक्षी माणसांवर फार विश्वास टाकतात," मी म्हणालो. लोकांनी ते लिहून घेतलं.

रविवारी बायको, विनीता, पाहुणा पाहायला आली. तिचं माहेर आर्वीचं, घरी कोंबड्या-बदकांचा गोतावळा. तिने पाच मिनिटं हंसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, तुम्ही याले उडतांनी पाह्यलं काय?"

मी आठवायला लागलो. पोहताना पाहिलं होतं. चालताना पाहिलं होतं. पोराच्या हातातला समोसा ओढताना पाहिलं होतं.

"पाळीव आहे हा," ती म्हणाली. "पोट पाहा ना त्याचं, जमिनीले टेकून राहिलं. हा काय हिमालय ओलांडते?"

तेवढ्यात ती म्हातारीच आमच्याजवळ सरकली. इतके दिवस तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"ये हर मोर हंसा आय, साहेब," ती म्हणाली.

'मोर' म्हणजे माझा; हंस तिचा होता. तिचं नाव सुखमती. तळ्यापलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, एकटीच राहायची. हंसांची जोडी होती. मादीला कुत्र्यांनी मारलं आणि दुसऱ्या दिवसापासून हा घरात टिकेना. शोधत शोधत इथे आला. ती न्यायला आली, तेव्हा दोरी लागलेली होती.

"देऊन टाका तिचा पक्षी," विनीता म्हणाली.

"मार्चमध्ये रिन्यूअल आहे."

विनीता एकटीच बसथांब्याकडे चालू लागली. घरी तिने वाढलं आणि आत जाऊन पडली.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. "सर, तो पक्षी बहुतेक गावातला आहे."

साहेबांनी दार लावलं. "निरंजनजी, पक्षी अब फाइल में है. फाइल ऊपर गई है. ऊपर जाने के बाद पक्षी गाँव का नहीं रहता."

मग थंडीची लाट आली. सकाळच्या शाळा बंद झाल्या, तळ्यावर कोणी येईना. हंस बेशरमाच्या झुडपापाशी मान पंखात खुपसून बसून राहायचा. सुखमती पदरात धान बांधून आणायची आणि नत्थू हात जोडून म्हणायचा, "अम्मा, बाहर का खाना मना है."

"दू दिन ले कुछु नइ खाय हे," ती हंसाकडे बोट दाखवून मला म्हणाली. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी पहिल्या बसने गेलो आणि नत्थूला म्हणालो, "भैया, चाय पीके आओ. मैं बैठता हूँ." तो गेला. मी दोरी वर उचलून धरली.

"आ, आ," सुखमती म्हणाली.

हंस पाण्यातून निघाला, अंग झटकलं आणि तिच्या मागे चालू लागला. राजधानीचा तो सहा पदरी रस्ता, त्यावर एक गाडी नाही, सगळीकडे धुकं, आणि मधोमध ती म्हातारी आणि मागे डुलत हंस. दिसेनासे होईपर्यंत मी दोरी वर धरूनच उभा होतो.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं : पक्षी उत्तरेकडे रवाना. सुखमतीची वस्ती उत्तरेलाच होती, त्यामुळे ते खोटं नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा विनीताने विचारलं, "आता नोकरी?"

"जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

पण गेली नाही. मार्चमध्ये वर्षाची मुदतवाढ आली. खाली एक ओळ होती : उक्त पक्षी येत्या नोव्हेंबरात पुन्हा येईल याची जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्याची राहील.

ऑक्टोबरात मी एक किलो बालुशाही घेऊन सुखमतीच्या घरी गेलो. हंस अंगणात पहुडला होता, चांगला जाडजूड झालेला. मी बराच वेळ थंडीबद्दल बोललो. मग म्हणालो, "अम्मा, फक्त चार महिने. रोज संध्याकाळी मी स्वतः आणून सोडेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, हंसाला काखेत घेतलं, आत गेली आणि दाराला कडी लावली.

थोड्या वेळाने दार किलकिलं उघडलं. बालुशाही तिने घेतली आणि पुन्हा कडी लावली.