गणपतराव कळंबेकर यांनी लघवीची कळ जिंकिली, त्याची हकीकत

जाणत्यांनी कान द्यावा. गडकोटांच्या लढाया लिहावयास लेखक बहुत, परंतु जो गनीम माणसाच्या ओटीपोटात ठाणे देऊन बसतो त्याशी जाहलेले युद्ध लाजेपोटी कोणी लिहीत नाही. सबब जे घडले ते कमीजास्त न करिता येथे लिहिले आहे.

सन इसवी २००३ अखेरीस कळंबियाचे मुक्कामी राजमान्य गणपतराव, वय अडुसष्ट, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, राहात होते. तीस वर्षे कोल्हापूर-पुणे गाडी हाकिली आणि साताऱ्याखेरीज कोठे उतरले नाहीत, त्यांसच उतारवयात मूत्राशयाने दगा दिला. लघवीची कळ आली की उसंत नाही, मग मोरीकडे धाव, आणि दिवसास पंधरा स्वाऱ्या, आणि निम्म्या वाटेवरच लेंगा भिजावा. मग विहारात वंदनेस दाराशी बसू लागले, मग जाणेच टाकिले, आणि लोकांस गुडघेदुखी सांगितली. कुटुंब बायडाबाई लेंगे निमूट धूत होत्या.

ऐशात नात निशा बी.एस्सी. जाहली. घराण्यात पदवी ती पहिलीच. पदवीदान तीन महिन्यांवर, समारंभ दोन तासांचा. तिणे साफ सांगितले, "आजोबा, तुमी न्हाय आलासा तर मी बी जात न्हाय." राव बहुत दिलगीर जाहले.

मग चिरंजीव धम्मपाल यांनी तीर्थरूपांस दवाखान्यात नेले, सोबत बायडाबाई. डॉक्टरांनी लघवी तपासिली, प्रोस्टेट तपासिली आणि निर्वाळा दिला की मोठा रोग नाही, मूत्राशय उतावीळ जाहले आहे, भरण्याआधीच हाकाटी करिते. तरी वरचे मजल्यावर फिजिओथेरपीच्या अक्षताबाईंकडे रुजू व्हावे. अक्षताबाई सव्वीस वर्षांच्या. त्यांस दारातून पाहून राव तडक जिना उतरू लागले.

"ह्या वयात पोरीकडनं मुतायला शिकू व्हय?"

बायडाबाई पायरीवरून हलल्या नाहीत. "तीन वर्सं तुमचं लेंगं मीच धुतलं. मला लाज वाटली न्हाय. तुमास्नी कशाची?"

राव परत वर चढले.

अक्षताबाईंचे फर्मान ऐसे: पोटातील वारा अडविताना जे स्नायू आवळतात तेच आवळावे, पाच अंक मोजावे, सोडावे, ऐसे दहा वेळा, दिवसातून तीनदा, चहा दोनच कप, मोरीस तासातासाने घड्याळ बघून जावे, कळ बघून नव्हे, आणि जमेल तैसे पाव-पाव तासाने अंतर वाढवावे, आणि कळ आली तरी धावू नये, जागीच उभे राहून पाच वेळा झटपट आवळावे, ओसरली की मग चालत जावे.

"बाई, थांबलो तर हितंच व्हायचं."

"होऊ द्या की. फडकं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

दुसरेच दिवशी अंगणात, शेजाऱ्यांदेखत, मोठा पराभव जाहला. मग रावांनी चार दिवस व्यायाम टाकिला. पाचवे दिवशी भिंतीकडे तोंड करून, आपण होऊन, पुन्हा आरंभ केला. महिन्याने अंतर दीड तासावर गेले, तिसरे महिन्यात दोन तासांवर. परंतु ते घरी, मोरी दहा पावलांवर असता.

फाल्गुनात समारंभ जाहला. राव तिसऱ्या रांगेत बसले. प्राचार्यांचे भाषण लांबले, पाहुण्यांचे त्याहून लांबले, आणि विज्ञान शाखेची नावे पुकारू लागले तोच कळ आली. निशाचे नाव अकरा नावांपलीकडे. पाय आपसूक उठू लागले. रावांनी टाचा फरशीस रोविल्या, पाच वेळा आवळिले, श्वास मोकळा ठेविला आणि नजर मंचावरून काढिली नाही. कळ चढली, मस्तकापर्यंत गेली, कपाळी घाम आणिला, आणि मग, जैसी आली तैसी, उतरली. निशा मंचावर चढली. तिणे आधी तिसरी रांग पाहिली. रावांनी हात वर केला.

समारंभ संपल्यावर राव मुतारीकडे गेले ते चालत गेले. तेथे रांग होती. पाठीमागे कागलचे एक पटकेवाले म्हातारे या पायावरून त्या पायावर होत होते. तो चेहरा रावांनी ओळखिला.

"पावणं, तुमी व्हा म्होरं. मला घाई न्हाय."

शके १९२५, फाल्गुन मासी, दोन तास वीस मिनिटे किल्ला लढविला आणि लेंगा कोरडा राखिला, ऐसी फत्ते रुजू केली असे. त्या पटकेवाल्या पाहुण्यांचे नाव लिहावयाचे राहिले. ते सांगावयास थांबले नाहीत.