परतीची जागा धरून

सहलीचं मुख्य प्रयोजन सुखरूप परत येणं हे होय, असं हेडक्लार्कचं ठाम मत होतं. सकाळच्या गाडीनं शहरातून निघायचं, तळं बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचं, हा बेत बायकोचा. एकदा त्या तळ्यात पाय सोडून बसायचंय, एवढंच तिचं कैक वर्षांचं मागणं. हेडक्लार्कनं ते तत्त्वतः मंजूर केलं होतं.

गाडी पोचली आणि उतरलेली सगळी मंडळी पूल ओलांडून समोरच्या फलाटावर गेली. बायकोला वाटलं, तळं तिकडे असेल. तिकडे परतीची गाडी लागायची होती, संध्याकाळी. लोकांनी सतरंज्या अंथरल्या, चपला काढल्या, पत्ते पिसले. हेडक्लार्कनंही धावत जाऊन रुमाल टाकला आणि बढती मिळाल्यासारखा चेहरा केला.

"अहो, तळं बघून येऊ की लवकर."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मग उभ्यानं जातात."

तरी त्यानं स्टेशनमास्तरांना रीतसर विचारलं. त्यांनी खुलासा केला, की नुसत्या रुमालानं जागा धरली जात नाही. रुमालावर माणूस लागतो, तोही नात्यातला. जाणती मंडळी त्यासाठी घरातलं एखादं जादा माणूस सोबत आणतात. शेजारच्या सतरंजीवरचे सासरे असेच दर सुट्टीला येत. तळं कुठल्या बाजूला आहे, हे त्यांना सांगता येईना. लेक-जावई तरी गेलेत ना बघायला, असं बायकोनं विचारलं. तर जावई सासऱ्यांच्या जागेवर कुणी घुसू नये म्हणून पलीकडे बसला होता आणि लेक जावयाच्या.

बायकोनं पर्स उचलली. "मी जाते."

"एकटी? अगं, तुझी जागा कोण धरणार?"

"तुम्ही धरा. तुमचा हात बसलाय त्यात."

दिवसभर हेडक्लार्कनं तिच्या जागेवर एक पाय पसरून ठेवला, दोन भांडणं जिंकली. गाडी आली तरी बायकोचा पत्ता नव्हता. त्यानं आत मुसंडी मारून खिडकी पकडली, शेजारी छत्री आडवी घातली आणि "येतायत, येतायत" म्हणत लोकांना थोपवलं. गाडी सुटली. उतरावं, असं मनात आलं त्याच्या. पण उतरला असता तर दोन्ही जागा गेल्या असत्या. मग तिला तोंड काय दाखवलं असतं?

वळणावर तळं आलं, अगदी रुळांना लागून. येता-जाता जागेच्या धांदलीत ते आजवर कुणी पाहिलं नव्हतं. काठावर एक बाई पाण्यात पाय सोडून बसली होती. गाडीकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"कोण हो ही?" सासऱ्यांनी विचारलं.

"असेल कुणीतरी," हेडक्लार्क छत्री सरळ करत म्हणाला. "गाडी चुकलेली."

अख्खा डबा हळहळला. वाचकहो, तुम्हीही हळहळलात. साहजिक आहे, तुम्हाला बसायला मिळालं होतं.