सतराव्या ओळीची मोहीम

श्री तलावदेवता प्रसन्न. शके १९२४, चित्रभानु नाम संवत्सर, वैशाख मास, ऊन ऐसें कीं कावळ्यानेंही चोंच उघडी टाकोन सावली धुंडाळावी, ते समयीं सावली परगण्यांतील ढिवर मंडळींचे मच्छीमार संस्थेंत जो थोर प्रसंग गुदरला, त्याची हकीकत जैसी ऐकिली तैसी लिहितों. वाचणारांनी मध्येंच हसों नये. हसूं आवरेना तर बाहेर जाऊन हसावें आणि मग पुढें वाचावें.

संस्थेचे तख्तीं राजमान्य राजश्री इस्तारीभाऊ, अध्यक्ष, जाळें विणण्यांत ज्यांचा हात कोणी धरूं न शके, आणि दप्तरावर मुत्सद्दी ताराबाई, सेक्रेटरी, ज्यांस संगणकाची विद्या अवगत, आणि मेजावर खासा लेझर प्रिंटर. हा सरदार मूळचा चंद्रपुरच्या वरल्या कचेरीचा. तेथें त्याची उमर सरली तेव्हां साहेबांनीं मेहेरबान होऊन तो संस्थेस बक्षीस दिला, जैसा म्हातारा बैल जावयास द्यावा. कचेरी कोणती तें लिहीत नाहीं, बखरकारासही संसार आहे. ऐसियास प्रिंटरास यंदा एक जखम जाहली. जो कागद छापावा त्याचे सतराव्या ओळीवर, ऐन नांवाचे जागीं, चिंचोक्याएवढा काळा डाग पडे. सोळाव्या ओळीस धक्का नाहीं आणि अठराव्या ओळीसही नाहीं.

आतां तलावाचे ठेक्याकरितां बावीस असामींची यादी वैशाखी अमावास्येपावेतों वर रुजू करावी लागे. फर्मान ऐसें कीं, यादी छापील असावी, हातानें एक काना लिहिला तरी रद्द, मध्यें ओळ कोरी ठेविली तरी रद्द, आणि जें नांव वाचतां येईना ती असामी सालभर खारीज, तिणें तलावांत जाळें टाकूं नये. सतराव्या ओळीवर श्रावण नामें गडी असे. तो मागील पौषांत देवाघरीं गेला, आणि त्याचे जागीं त्याची बायको रुखमाबाई आली. संस्थेंत बाईमाणूस असामी ही पहिलीच. तुझें नांव मी वर पोहोंचवितें, ऐसा शब्द ताराबाईंनीं तिजला दिला होता. मग यादी छापली, तों डागानें रुखमाबाईंस सबंध गिळिलें.

मग मसलत बसली. ताराबाईंनीं नवा प्रिंटर घ्यावा ऐसा अर्ज गुजारिला, आणि इस्तारीभाऊंनीं हुकूम केला कीं, "फाटलं जाळं कोनी फेकते का? विनते. दुरुस्त करा." मग असामींस विनविलें कीं कोणी जागा बदलावी, परंतु सतरावा बसावयास एकही मर्द उठेना. लटारू नामें असामीनें कळविलें कीं आपली कंबर दुखते, इतकें खालीं उतरवत नाहीं. मग यादी फ्लॉपींत घालोन ताराबाई मूल नामें शेजारचे गांवीं टायपिंगवाल्याकडे कूच करत्या जाहल्या, परंतु तेथील संगणकांत मराठी फाँट निराळा, सबब बावीसही ढिवरांचे चौकोन आणि पतंग जाहले. फौज रिकाम्या हातीं परतली.

प्रिंटर वरल्यांची देणगी, म्हणोन त्यास निकामी ठरविण्याचा अखत्यार साहेबांचा, आणि तो प्रस्तावही छापीलच पाहिजे. सबब प्रिंटरानें आपलीच मरणचिठ्ठी आपणच छापावी ऐसा पेंच पडला. आणि त्यानें छापिली. परंतु सतराव्या ओळीवर 'निकामी' हा शब्द होता, तो डागाखालीं गेला, आणि वरून जाब आला कीं, प्रिंटर काय झाला आहे तें स्पष्ट करावें. ताराबाईंनीं तो शब्द विसाव्या ओळीवर नेला आणि सतराव्यावर फक्त 'सबब' ठेविला. मग दुसरा जाब आला कीं, छपाई सुवाच्य दिसते, दुरुस्त करोन वापरावा. इस्तारीभाऊंनीं मिशांस पीळ दिला. ताराबाईंनीं दोन्ही जाब चुलींत घालावे ऐसें मनीं आणिलें, परंतु ते आवक-जावक नोंदींत चढले होते, इलाज नव्हता.

मग चंद्रपुराहून नूरुद्दीन मेकॅनिक यांस पाचारण केलें. ते एस.टी.नें आले, उघडोन पाहिलें, आणि कपाळास हात लावोन बसले. मग आपल्याच भाकरीवर पाय देऊन खरें बोलते जाहले, "इस्तारीभाऊ, ड्रमले चरा पडला हाये. मी पुसून देतो, तुमी चार दिवस खुश राहसान, मंग पुन्हा मलेच बलावसान. नवा ड्रम याले महिना लागते. हा मेला हाये जी. मेल्याले किती दिवस पानी पाजता?"

अमावास्येस एकच दिवस उरला होता. इस्तारीभाऊ अडून बसले कीं पुसोन तरी पाहावें. पुसलें. डाग अधिक झळकूं लागला.

इतक्यांत रुखमाबाई टोपलें उंबऱ्याशीं ठेवोन आंत आल्या. भांडावयास आल्या ऐसें सर्वांस वाटलें. परंतु त्या हळूच बोलल्या, "भाऊ, तुमी अन् ते संगच पान्यात उतरत होते. माहं नाव नाई निघालं त राहू द्या. पन त्याईच्या जाग्यावर काळा डाग नका ठेवू जी."

इस्तारीभाऊंनीं डागाची यादी उचलोन पालथी ठेविली. मग फर्मान सुटलें, "ताराबाई, रुखमाले पयल्या ओळीत घे. मले सतराव्या ओळीत टाक." ताराबाईंनीं म्हटलें कीं भाऊ, तुमीच खारीज व्हाल. ते म्हणाले, "छाप." ताराबाईंचे डोळे भरोन आले, ते त्यांनीं पदरानें पुसले, आणि छापलें.

अमावास्येस इस्तारीभाऊ व ताराबाई उभयतां चंद्रपुरीं दाखल जाहलीं. साहेबांनीं यादीवर बोट फिरवीत फिरवीत सतराव्यावर आणिलें आणि सवाल केला कीं हा कोण. इस्तारीभाऊ पुढें सरले, "मी हाये साहेब. अध्यक्ष. यादीत दिसत नाई, पन उभा हाये."

साहेब विचारांत पडले. सतरावा खारीज करावा तर अध्यक्ष खारीज, अध्यक्ष खारीज तर खालची सही खारीज, सही खारीज तर यादी खारीज, आणि यादी खारीज तर तलाव लिलावास, आणि लिलावाचे सारे कागद दस्तुरखुद्द साहेबांचे माथीं. साहेबांस घाम फुटला. मग हिरव्या शाईची लेखणी उघडोन त्यांनीं शेरा मारिला कीं, सतरावा समक्ष पाहिला, जिवंत आहे, यादी मंजूर. प्रिंटर निकामी, नवा घ्यावा. हा डाव इस्तारीभाऊंनीं आधींच ओळखोन टाकिला कीं जिवावर उदार होऊन टाकिला, हें बखरकारास ठाऊक नाहीं. ताराबाईंनीं परततांना एस.टी.त विचारलें, तर ते खिडकीबाहेर पाहोन म्हणाले कीं यंदा मोहफूल कमीच पडलें.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस नवा प्रिंटर आला, आणि त्यानें पहिली यादी छापिली ती निष्कलंक. रुखमाबाईंस वाचतां येत नव्हतें, म्हणोन ताराबाईंनीं त्यांचें बोट धरोन पहिल्या ओळीवर ठेविलें. त्यांनीं खालीं वाकोन पाहिलें. "लहानच हाये जी," म्हणाल्या, आणि बोट कांहीं केल्या उचलीनात.

येणेंप्रमाणें सतरावी ओळ सर जाहली. असामी बावीस, पैकीं खारीज कोणी नाहीं.